ज्वारीला वळसा

कायदा मला माहीत नव्हता असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आता तर मुळीच म्हणणार नाही. रस्त्याच्या मधला पट्टा तुटक असेल तर तो ओलांडता येतो, सलग असेल तर ओलांडायचा नाही. ओलांडला तर दंड होतो, आणि गुन्हा मोठा धरला तर लायसन्सवर शेरा बसतो. हे सगळं मला पाठ होतं. लायसन्सच्या परीक्षेला साहेबाने पहिला प्रश्न तोच विचारला होता, आणि माझ्या आधीच्या तीन बाप्यांना न आलेलं उत्तर मी घडाघडा दिलं होतं. तरीही मी सलग पट्टा ओलांडला. चुकून नाही, डोळे उघडे ठेवून. त्या हिवाळ्यात तर रोज ओलांडला.

आधी त्या लायसन्सचं सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरूनच झालं.

नव्वदच्या दशकात माझी बदली आंजीच्या पुढे, रस्ता सोडून आत असलेल्या एका खेड्यात झाली. घर वर्ध्याला. फाट्यापर्यंत एसटी, आणि पुढे चार किलोमीटर पायी. पावसाळ्यात चपला हातात घेऊन शाळेत पोचणारी मास्तरीण पाहून पोरं हसायची. दोन वर्षं मी तसं केलं. तिसऱ्या वर्षी जाहीर केलं की मी जुनी मोटार घेणार आणि स्वतः चालवणार. नवरा एका कचेरीत कारकून होता, स्वभावाने गरीब. त्याने नुसता चष्मा पुसला. सासऱ्यांचं धान्याचं दुकान होतं. ते गादीवरूनच म्हणाले, "मोटार घेतली त ड्रायव्हरबी ठेवा लागन."

"ड्रायव्हर घरातच हाये," मी म्हटलं.

त्या दिवसापासून घरात माझ्या गाडीबद्दल कोणी चांगलं बोललं नाही. ड्रायव्हिंग क्लासचा मास्तर मला शिकवायचा, पण बोलायचा मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलेल्या माझ्या नवऱ्याशी. "साहेब, मॅडमले सांगा, क्लच हळू सोडा." साहेब मला सांगायचे, "क्लच हळू सोड." मी दोघांकडे दुर्लक्ष करून क्लच हळू सोडायची. परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या साहेबाने माझ्याकडून गाडी दोनदा मागे घेऊन घेतली. तिसऱ्यांदा म्हणाला, "पुन्हा घ्या." मी विचारलं, "काऊन? दोनदा चुकली का?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

तेव्हा लायसन्स म्हणजे एक छोटंसं पुस्तक असायचं. पहिल्या पानावर फोटो, आणि मागे काही कोरी पानं. चालवणाऱ्याने गुन्हा केला की त्याची नोंद त्या पानांवर व्हायची. मी वर्षभर पोरांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहीत होते, त्यामुळे शेऱ्याची किंमत मला कोणी सांगायला नको होती. माझ्या पुस्तकाची मागची पानं कोरी होती आणि ती कोरीच राहतील असं मी मनाशी ठरवलं होतं. गाडीला कुठे साधा ओरखडा आला तरी सासरे विचारायचे, "कोनाले ठोकलं?" मी काही उत्तर न देता पुस्तक त्यांच्यासमोर उघडून धरायची. बाईच्या हातात मोटार, या विषयावर जगात जे काही बोललं जात होतं त्या सगळ्याला माझ्याकडे तेवढं एकच उत्तर होतं.

पुढे काही वर्षांनी रस्ता रुंद झाला. नवं डांबर पडलं आणि त्यावर पट्टे आले. फाट्याच्या अलीकडे नाल्याजवळ एक लांब वळण आहे, समोरचं काही दिसत नाही असं. तिथे मधोमध पिवळा सलग पट्टा ओढला. आमच्या लोकांनी तो पाहिला आणि आपापल्या परीने वापरायला घेतला. बंड्यावाले, म्हणजे बैलगाडीवाले, एक चाक बरोबर पट्ट्यावर ठेवून चालायचे, कारण तिथे रस्ता जास्त गुळगुळीत लागतो असं त्यांचं म्हणणं होतं. बाजाराच्या दिवशी दोन म्हातारे या वादात पडलेले मी स्वतः ऐकले की हा पट्टा म्हणजे दोन गावांची शीव आहे की नाही. मी चौथीच्या वर्गात फळ्यावर रस्ता काढून दोन्ही पट्टे समजावून सांगितले. पोरांना ते त्यांच्या बापांपेक्षा लवकर समजलं.

आता यात ज्वारी कुठून आली, ते सांगते.

आमच्याकडे रस्ता म्हणजे सगळ्यांचं खळं. सोयाबीन, तूर, हरभरा कापून आणला की लोक त्याच्या पेंढ्या सरळ डांबरावर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली शेंगा फुटतात, मळणी फुकटात होते. ड्रायव्हरलाही त्यात काही वाटत नाही, उलट कोणी कोणी मुद्दाम चाक त्यावरून नेतो, तेवढीच मदत. पण काड्या वेगळ्या झाल्या, धान्य उफणलं, आणि नुसते दाणे उन्हात पसरले की गोष्ट वेगळी. मग भोवती दगड मांडतात, आणि त्या दगडांच्या आत चाक जात नाही. पाटी नाही, कोणाचा हुकूम नाही. परमुलखातले ट्रकवालेसुद्धा दोन खेपांत शिकायचे. काड्यांवरून जायचं, दाण्यांना वळसा घालायचा. लहानपणी मी एकदा चपला घालून वाळत्या ज्वारीतून पळाले होते. आईने पाठीत धपाटा घातला, आणि मग ज्वारीला हात लावून कपाळाला लावायला लावला. धपाटा विसरले असते, पण आईचा तो चेहरा विसरता आला नाही.

त्या वळणावर एक बाई धान्य वाळवायची. माझ्याच वयाची असेल, चाळिशीच्या आसपास. शाळेतल्या पोरांकडून तिचं नाव तेवढं कळलं होतं, आणि हेही की तिला शेत नाही, घरापुढे अंगण नाही. शेतमालकांची कापणी झाली की मागे पडलेली कणसं वेचायला ती जायची. याला सरवा म्हणतात, आणि सरवा वेचणाऱ्याला कोणी अडवत नाही. दिवसभर वेचायचं, काठीने बडवायचं, उफणायचं आणि वाळवायचं. वळणावर एका बाजूला झाडं नव्हती, म्हणून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ऊन मिळायचं. तिने जागा निवडली ती त्यासाठी. दगड मांडून ती रस्त्याच्या कडेला दोन शेळ्या राखत उभी राहायची. ती उभी असायची तिथून वळणाच्या दोन्ही बाजू दिसायच्या. माझी गाडी आली की ती पलीकडे पाहायची. मोकळं असलं की काठी वर करायची. समोरून काही येत असलं की काठी आडवी. मग मी थांबायची. महिनाभर असं चाललं होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्दही बोललो नव्हतो.

त्या दिवशी काठी वर झाली, मी वळसा घातला, पिवळा पट्टा ओलांडून पलीकडे गेले आणि परत आपल्या बाजूला आले. वळण संपलं तिथे बाभळीखाली जीप लावून एक वाहतूक पोलीस उभा होता. त्याने हात केला. माझ्या पुढे एक काळी-पिवळी आणि तळेगावकडून आलेला संत्र्यांचा टेम्पो असे दोघे त्याच वळशासाठी आधीच थांबवलेले होते.

पोलीस नवा होता. बोलण्यावरून मोठ्या शहरातला वाटला. खिडकीशी येऊन त्याने आत पाहिलं. गाडीत मी एकटी, आणि स्टिअरिंग माझ्या हातात.

"गाडी कोणाची?"

"माझी."

"चालवणारा कुठाय?"

"डिकीत," मी म्हटलं.

संत्रावाला हसला. पोलीस हसला नाही. इथेच माझं काम बिघडलं हे मला कळत होतं, पण माझी जीभ कधीच माझ्या कह्यात नव्हती.

"पट्टा दिसला नाही का, बाई?"

"दिसला."

"मग ओलांडला कशाला?"

"पुढे ज्वारी दिसली म्हणून."

"ज्वारीवरून घालायची गाडी. इथले लोक त्यासाठीच तर टाकतात रस्त्यावर. काल मी बघितलं, सगळे वरून जात होते."

"ते काड्यांवरून. हे दाणे आहेत."

"काड्या काय आणि दाणे काय. रस्ता तो रस्ता."

"तुमच्या जेवणाच्या ताटावरून चाक घातलं तर चालेल का तुम्हाला?"

त्याचे कान लाल झाले. मग त्याने आम्हा तिघांना विचारलं की ही ज्वारी आहे तरी कोणाची. मी मागे वळून पाहिलं. दगडांजवळ कोणी नव्हतं. पोलीस पाहून ती बाई शेळ्या घेऊन नाल्यात उतरली होती. काळी-पिवळीवाला म्हणाला, "माहीत नाई." तो त्याच गावचा, रोज त्याच रस्त्याने जाणारा. संत्रावाला म्हणाला, "मी त तळेगावचा, साहेब, मले काय मालूम." त्याला मात्र खरंच माहीत नसेल. मी काहीच म्हटलं नाही.

"शंभर-शंभर भरा आणि निघा," पोलीस म्हणाला. दोघांनी भरले, पावती घेतली आणि गेले. मी गाडीतच बसून राहिले. मी विचारलं, "भरले म्हणजे गुन्हा कबूल केला असंच ना?" तो म्हणाला, "अर्थात." मी म्हटलं, "मग मी भरत नाही. कोर्टात पाठवा." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या गणवेशाला हात घातला होता. मग पुस्तक काढलं आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं: सलग पट्टा ओलांडून बेदरकारपणे व धोकादायक रीतीने वाहन चालविले. माझं लायसन्स त्याने खिशात टाकलं आणि हातात एक चिठ्ठी दिली. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती चिठ्ठीच माझं लायसन्स.

पट्टा ओलांडला एवढंच त्याने लिहिलं असतं तर मी कदाचित दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे भरून आले असते. पण बेदरकार! त्या शब्दाने माझ्या डोक्यात सणक गेली. धान्य वाचवायला जी गाडी हळू करते, हॉर्न देते आणि मगच वळते, ती बेदरकार. सरळ वरून चिरडत जाणारा तो कायद्याने वागणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

घरी आले तर नवऱ्याला आधीच कळलेलं. वर्धा तेव्हा एवढंसं, बातमी माझ्या गाडीच्या आधी पोचली.

"शंभर रुपयांसाठी कोर्टात जाशीन तू?"

"शंभर रुपयांसाठी नाई. त्यानं बेदरकार लिहिलं."

"लिहिलं त लिहिलं. कोन वाचते थे?"

"मी वाचीन ना."

त्याने चष्मा पुसला. गप्प बसून काळजी करणं हा त्याचा धर्मच होता. सासरे आतल्या खोलीतून म्हणाले, "मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही.

चिठ्ठी घेऊन मी रोज शाळेत जात राहिले, आणि रोज वळसा घालत राहिले. पोलीस पुन्हा तिथे दिसला नाही. ज्वारी संपली, तुरीचा सरवा सुरू झाला. दगड तेच, जागा तीच. कोर्टाची तारीख लागली तेव्हा नवऱ्याने ओळखीतला एक वकील गाठला. वकिलाने माझी हकिकत ऐकली आणि खुश झाला.

"काहीच अवघड नाई, मॅडम. रस्ता अडवलेला होता. अडवणाऱ्याचं नाव आपन देऊ. शिवाय त्या बाईनं काठी दाखवून रस्ता मोकळा असल्याचं सांगितलं, म्हंजे तुमी बेदरकार नव्हता याची साक्षच झाली. तिले बोलावून घेऊ. तुमच्या लायसन्सवर एक अक्षर येत नाई."

"अन् तिच्यावर?"

"रस्त्यावर अडथळा केला म्हनून तिले नोटीस जाईन. थे वेगळं प्रकरन. आपला काय संबंध?"

खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. कोरी पानं कोरी राहणार होती. एक नाव द्यायचं, तेही खरं नाव. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून परत येताना मी वळणावर गाडी बाजूला लावली आणि पहिल्यांदाच त्या बाईजवळ गेले. ती तुरीत हात फिरवत होती. मी तिला सगळं सांगितलं, पोलीस, कोर्ट, वकील, आणि तिचं नाव दिलं तर काय होईल तेही. मला वाटलं होतं ती घाबरेल, हातापाया पडेल. मग मी मोठ्या मनाने तिला सांगेन की घाबरू नका, मी नाव देत नाही. मनात ते वाक्य मी तयारही करून ठेवलं होतं.

ती घाबरली नाही. तिने हात झटकले आणि उभी राहिली.

"मी म्हटलं होतं का तुमाले वळसा घ्याले?"

"नाई."

"मंग? तुमी वळसा घेतला थो जवारीसाठी घेतला, माह्यासाठी नाई घेतला. माह्यावर उपकार नका ठेवू, मॅडम."

मी काहीतरी बोलायला गेले, तिने बोलू दिलं नाही.

"नाव सांगाचं असन त सांगजा. मी काही लपून नाई राह्यली, इथंच असतो मी रोज. पन मंग मी धान्य कुठं वाळवू, थे बी कोर्टालेच विचारजा."

असं बोलून ती पुन्हा खाली बसली आणि तूर सारखी करायला लागली. मी गाडीत येऊन बसले. मला तिचा राग आला होता. मग थोड्या वेळाने कळलं की राग तिचा नव्हता. माझं तयार करून ठेवलेलं मोठ्या मनाचं वाक्य वाया गेलं होतं, त्याचा होता. स्वतःला फार शहाणी समजणाऱ्या मास्तरणीला एका मिनिटात कोणीतरी पहिलीच्या बाकावर बसवलं होतं. घरी जाईपर्यंत मी गाडी दुसऱ्या गिअरवरच चालवली.

वकिलाला मी नाव सांगितलं नाही. तो म्हणाला, ठीक आहे, न्यायाधीशसाहेबांनी विचारलं की ऐनवेळी सांगा. नवरा म्हणाला, ऐनवेळी सांग. दोघांनाही वाटत होतं की कोर्ट पाहिलं की बाई वितळेल. खरं म्हणजे मलाही तीच भीती होती.

तारखेच्या दिवशी नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मागच्या बाकावर येऊन बसला. माझा पुकारा झाला तेव्हा दुपार होत आली होती. पोलिसाने सांगायचं ते सांगितलं. त्याने डिकीची गोष्टही सांगितली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही शिक्षिका आहात?"

"हो."

"सलग पट्ट्याचा अर्थ माहीत आहे?"

मी सांगितला. पोरांना शिकवते तसाच सांगितला.

"मग ओलांडला का?"

"पुढे धान्य वाळत होतं. पलीकडून काही येत नव्हतं. मी वेग कमी केला, हॉर्न दिला आणि वळसा घातला. बेदरकार असते तर सरळ वरून गेले असते."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी हात वर केला, सगळे शांत झाले.

"ते वळण आंधळं आहे. पलीकडून काही येत नव्हतं हे तुम्हाला कळलं कसं?"

हाच प्रश्न येणार हे वकिलाला माहीत होतं. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे आता सांगा. मी मागे पाहिलं नाही, पण नवऱ्याची नजर मला पाठीवर जाणवत होती. ते छोटं पुस्तक समोर टेबलावर होतं. माझा फोटो वर दिसत होता, त्यात मी कितीतरी तरुण होते.

"कळलं," मी म्हटलं.

"कसं?"

"ते मी सांगणार नाही."

"धान्य कोणाचं होतं?"

"तेही सांगणार नाही."

"बाई, न सांगण्यात नुकसान तुमचं आहे."

"माहीत आहे."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. मग जरा मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "बरं. पुन्हा असं धान्य रस्त्यात दिसलं तर काय कराल?" मला दिसत होतं की हा माणूस मला दार उघडून देतो आहे. पुन्हा असं करणार नाही, एवढं म्हटलं असतं तर नुसत्या दंडावर भागलं असतं. वकिलाने तर ते शब्द ओठांनी करून दाखवले.

"पुन्हा वळसाच घालीन, साहेब."

त्यांनी मान खाली घातली आणि लिहायला लागले. दंड झाला आणि शेराही बसला. कारकुनाने ते पुस्तक पुढे ओढलं, शेऱ्याचं पान काढलं, आणि त्याच्या बारीक अक्षरात तो शब्द लिहिला. शिक्का मारताना त्याने जरा जास्तच जोर लावला असं मला वाटलं. ताठ मानेने मी बाहेर आले, पण पायऱ्या उतरताना मला रडू आलं. कशाला खोटं बोलू? इतकी वर्षं जपलेली वस्तू होती ती. नवऱ्याने पुस्तक उघडून वाचलं, मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

"बाबाले नको सांगू," तो म्हणाला.

"मीच दाखवीन," मी म्हटलं.

आणि दाखवलं. संध्याकाळी दुकानात जाऊन, पोत्यांच्या थप्पीसमोर, सासऱ्यांच्या हातात पुस्तक उघडून दिलं. त्यांनी उजेडात धरून वाचलं. "गाडी विकून टाका आता," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाई." त्या दिवसापासून आमचं या विषयावरचं बोलणं कायमचं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी निघाले. वळणाच्या तोंडाशी गाडी हळू केली आणि काठी वर होते का ते पाहिलं. काठी दिसली नाही. ती बाई रस्त्यात उकिडवी बसली होती. दोन दगड बाजूला उडाले होते, आणि तुरीच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत टायरचे दोन सरळ माग गेले होते. दाण्यांची डाळ झाली होती, डाळीचं पीठ, आणि ते पीठ डांबरात दाबून बसलं होतं.

मी उतरले. तिने वर पाहिलं नाही.

"सकाऊन एक गाडी गेली वरून," ती म्हणाली. "पट्टा नाई ओलांडला तिनं."

गाडी कोणाची ते मी विचारलं नाही. आदल्या दिवशीचं रडू कुठल्या कुठे गेलं. मी परत गाडीत बसले, गाडी पुढे घेतली आणि बरोबर पिवळ्या पट्ट्यावर आडवी लावली, अशी की तुरीवरून कोणाचं चाक जाऊ नये. चावी काढून घेतली. मग पदर खोचला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. आम्ही दोघी चांगले दाणे एकीकडे आणि फुटलेले एकीकडे करायला लागलो. मागून एक टेम्पो आला, हॉर्न देत राहिला. त्याच्यामागे आणखी एक गाडी थांबली. कोणीतरी ओरडून विचारलं की ही मोटार कोणाची.

"मॅडम, गाडी बाजूले घ्या," बाई हळूच म्हणाली. "पोलीस येईन. नाव लिहून घेईन."

"येऊ द्या," मी म्हटलं. "आज नाव सांगीन मी त्याले. माझं."

शाळेची घंटा केव्हाच होऊन गेली होती. मी तूर निवडत राहिले.